घड्याळ आधी घड्याळ असू द्या

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझं शिक्षण विज्ञान शाखेत झालं आणि नोकरी सगळी आकडेमोडीची. पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा वाचनाकडे वळले आणि दोन वर्षांपूर्वी एका वाचनगटात जाऊ लागले. तिथे दर महिन्याला एखादी कथा किंवा काही कविता घेऊन चर्चा होते. वाचायला मला मनापासून आवडतं, पण चर्चा सुरू झाली की मी गप्प होते. बाकीच्यांना जागोजागी प्रतीकं दिसतात. खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, पाऊस म्हणजे शुद्धी, पक्षी म्हणजे आत्मा. मला खिडकी, पाऊस आणि पक्षीच दिसतात. गेल्या महिन्यात आम्ही एक कथा वाचली. वडील गेल्यावर मुलगी त्यांचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उतरवत नाही, अशी ती कथा. सगळे म्हणाले, घड्याळ म्हणजे थांबलेला काळ. मी म्हटलं, पण ती रोज रात्री त्याला किल्ली देते. त्यावर एक जण म्हणाले, ‘ते तपशील झाले, तुम्ही प्रतीक समजून घ्या.’ घरी आल्यावर मला रडू आलं. माझ्यात काही कमी आहे का? लेखकाच्या मनात हे सगळं खरंच असतं का? मनाला येईल तो अर्थ लावला तर चालतो का? आणि शिकायचंच तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर:

प्रिय वाचक,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. ‘पण ती रोज रात्री त्याला किल्ली देते.’ ती कथा मी वाचलेली नाही. तरी तुमच्या एवढ्या एका वाक्यानं ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, स्टुलावर चढलेली, घड्याळाचं दार उघडून किल्ली बसवणारी. ‘थांबलेला काळ’ या दोन शब्दांनी असं काहीच उभं राहिलं नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्यात काहीही कमी नाही. त्या दिवशीच्या चर्चेत कथेच्या सगळ्यांत जवळ तुम्हीच होतात. बंद घड्याळ म्हणजे थांबलेला काळ, हा अर्थ कुठल्याही कथेतल्या कुठल्याही बंद घड्याळाला लावता येतो. त्यासाठी कथा वाचावीसुद्धा लागत नाही. किल्ली मात्र याच कथेतली आहे. आणि किल्ली लक्षात घेतली की तो सोपा अर्थ डळमळायला लागतो. जिला काळ थांबवून ठेवायचा आहे, ती रोज किल्ली कशाला देईल? घड्याळ कधीतरी चालू होईल असं तिला वाटतं का? की ते चालणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही वडिलांचं रोज रात्रीचं काम तिनं अंगावर घेतलं आहे? तुमच्या गटानं ज्याला तपशील म्हणून बाजूला सारलं, तिथूनच खरं तर बोलायला सुरुवात व्हायला हवी होती.

प्रतीकांबद्दलचा हा गोंधळ बहुतेकांच्या मनात शाळेतच रुजतो. ‘पुढील प्रतीकांचा अर्थ लिहा’ असा प्रश्न, दोन गुण, ठरलेलं उत्तर. मी बरीच वर्षं वर्गात कविता शिकवली आणि असे प्रश्न मीही काढले. त्यातून मुलांच्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. लेखकाला काहीतरी सांगायचं होतं, ते त्यानं सरळ न सांगता कशाच्या तरी आड लपवलं, आणि हुशार वाचकानं ते हुडकून काढायचं. एकदा उत्तर सापडलं की कविता मिटून ठेवली तरी चालते. यात मोठं नुकसान होतं ते ज्यांना उत्तर पटकन सुचत नाही त्यांचं. ते आयुष्यभर ‘मला कवितेतलं काही कळत नाही’ असं म्हणत राहतात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण मुळात फार चांगले वाचक असतात.

‘प्रतीक’ हा शब्दच जरा उलगडून पाहा. संस्कृतात त्याचा एक अर्थ अंग किंवा अवयव असा आहे. जुने टीकाकार श्लोकावर लिहिताना अख्खा श्लोक पुन्हा उतरवत नसत, त्याचे सुरुवातीचे एकदोन शब्द देत. त्या शब्दांनाही प्रतीकच म्हणतात. ते कानावर पडले की ज्याला पाठ आहे त्याच्या मनात पुढचा सगळा श्लोक जागा होई. इंग्रजीतला ‘सिम्बॉल’ ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याची हकीकतही याच्याजवळची आहे. करार करणारे दोघं एखादी वस्तू मोडून तिचे दोन तुकडे आपापल्याकडे ठेवत आणि पुढे ते तुकडे जुळले की ओळख पटे. दोन्हीकडे हातात असलेला तुकडा खराखुरा असतो. श्लोकाचा पहिला शब्द हा त्या श्लोकाचाच भाग असतो. कथेतलं घड्याळही तसंच आधी घड्याळ असतं, काटे, तबकडी आणि किल्लीसकट. ते खरं वाटलं नाही तर त्यातून पुढचं काहीही जागं होत नाही.

इथे रूपक आणि प्रतीक यांच्यातला फरक सांगायला हवा, कारण तुमच्या गटात बहुधा त्यांचीच सरमिसळ होते आहे. एकनाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड तुम्ही ऐकलं असेल. विंचू म्हणजे काय, हे नाथ स्वतःच सांगून टाकतात. तो काम-क्रोधाचा विंचू आहे. त्यावरचा उताराही तेच देतात, तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. इथे एकास एक हिशेब आहे आणि तो उघड मांडला आहे. समोर जमलेल्या माणसांना ऐकता ऐकता कळावं आणि घरी जाताना आठवावं, हेच भारुडाला साधायचं असतं. रूपक म्हणून ते अप्रतिम आहे. अडचण येते ती प्रत्येक कथा विंचवासारखी वाचली की. मग खिडकीचं स्वातंत्र्य होतं, पावसाची शुद्धी होते, आणि खिडकी किंवा पाऊस कुणीच पाहत नाही.

आता एक गंमत सांगते, तुम्हाला धीर येईल. ‘हे प्रतीक असेल, पण मला कळत नाही’ हे तुमचं म्हणणं एका जगप्रसिद्ध नाटकात एका पात्राच्या तोंडी आहे. अंतोन चेखव यांचं ‘द सीगल’ १८९६ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं. सीगल म्हणजे पाण्याकाठचा पांढरा पक्षी. दुसऱ्या अंकात त्रेपलेव नावाचा तरुण लेखक आपण मारलेला असा एक पक्षी आणून नीना या तरुण मुलीच्या पायाशी ठेवतो. नीना त्याला म्हणते की हा पक्षीही प्रतीकच असावा बहुतेक, पण माफ कर, मला ते समजत नाही. नाटकाला ज्या पक्ष्याचं नाव आहे, त्याच्याबद्दल नाटकातलीच मुलगी असं म्हणते! हे वाक्य चेखवनी लिहिलं याचा मला आजवर फार आधार वाटत आला आहे.

पण पुढचं पाहा. त्रेपलेव म्हणतो, असंच मी लवकरच स्वतःलाही मारून टाकणार आहे. म्हणजे त्याच्या लेखी तो पक्षी तो स्वतः आहे. थोड्याच वेळात त्रिगोरिन हा नामांकित लेखक तिथे येतो, पक्षी पाहतो आणि वहीत एका कथेचं बीज टिपून ठेवतो. तळ्याकाठी वाढलेली, त्या पक्ष्यासारखी आनंदी आणि मोकळी मुलगी. एक माणूस सहज तिथे येतो, आणि दुसरा काही उद्योग नाही म्हणून तिचा नाश करतो. पुढे तो नीनाच्या बाबतीत जवळजवळ तेच करतो. शेवटच्या अंकापर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. मधल्या काळात नीना पत्रांखाली ‘सीगल’ अशी सही करत होती, असं आपल्याला कळतं. ती परत येते आणि थकलेल्या आवाजात म्हणत राहते, मी सीगल आहे, नाही, तसं नाही, मी अभिनेत्री आहे. आणि त्याच अंकात तो पक्षी पेंढा भरून तयार आहे. त्रिगोरिननंच तसं करायला सांगितलं होतं. त्याला तो दाखवला जातो तेव्हा तो म्हणतो, मला आठवत नाही.

‘मला आठवत नाही’ हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून नुसती बसून राहिले होते. आता सांगा, सीगल म्हणजे काय? नीना? ती तर तो अर्थ स्वतःच झटकून टाकते. त्रेपलेव? नाटकाच्या शेवटी तो स्वतःवर गोळी झाडतो खरा, पण पत्रांखाली सही नीना करत होती. एक पक्षी या हातातून त्या हातात जातो, प्रत्येक जण आपल्या गरजेचा अर्थ त्याच्यावर लादतो, आणि ज्याच्या कथेसाठी तो वहीत टिपला गेला तो त्याला विसरून जातो. मला तर ही सगळी वाटचालच प्रतीक वाटते. म्हणून ‘हे म्हणजे काय’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, या वस्तूचं कथेत काय काय होतं? ती कुणाच्या हातात असते? सुरुवातीला कशी होती आणि शेवटी कशी झाली? या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडतात, त्यासाठी अंगात विशेष प्रतिभा असावी लागत नाही. नीट पाहण्याची सवय लागते, आणि ती तुम्हाला आहे.

लेखकाच्या मनात हे असतं का, असं तुम्ही विचारता. १९६३ साली अमेरिकेतल्या एका सोळा वर्षांच्या मुलाला हाच प्रश्न पडला होता. वर्गात चाललेली प्रतीकांची शोधाशोध त्याला पटत नव्हती, म्हणून त्यानं प्रश्नावली तयार करून दीडशे नामवंत लेखकांना पाठवली. त्यातल्या ७५ जणांनी उत्तरं दिली. सूर वेगवेगळे होते. जॅक केरुअॅकनी प्रतीकं जाणूनबुजून घालता का, याला सरळ ‘नाही’ म्हटलं. रे ब्रॅडबरींचं म्हणणं पडलं की मुद्दाम प्रतीक ठेवायला गेलं की लेखक स्वतःकडेच पाहायला लागतो आणि निर्मिती तिथेच अडते. सॉल बेलो यांनी लिहिलं की प्रतीक वस्तुस्थितीतून आपापलं वाढत येतं. मला त्यांचं उत्तर सर्वांत जवळचं वाटतं.

अर्नेस्ट हेमिंग्वे तर याहून ठाम होते. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ १९५२ साली आलं, तेव्हा एका कलासमीक्षकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं की यात प्रतीकबितीक काही नाही. समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, मासा म्हणजे मासा. पण त्याच पुस्तकात एक जागा आहे. शार्क येताना दिसतात तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडून एक उद्गार निघतो, आणि लेखक म्हणतो, हातातून खिळा आरपार जाऊन लाकडात शिरताना माणसाच्या तोंडून असाच आवाज निघत असेल. हे वाचून क्रूस आठवला तर तो वाचकाचा आगाऊपणा म्हणता येणार नाही, ते वाक्य पुस्तकातच आहे. पुढे हेमिंग्वेच एकदा असं म्हणाले की मी खरा म्हातारा, खरा समुद्र, खरा मासा उभा करायचा प्रयत्न केला, आणि ते पुरेसे खरे उतरले तर त्यांचे अनेक अर्थ होतील. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की कधी असतं, कधी नसतं, आणि आपण वाचताना त्यावर फारसं काही अवलंबून नसतं. लेखकाच्या मनात आपल्याला जाता येत नाही. पान मात्र आपल्या हातात असतं.

सुरुवात कुठून करायची, याला मी एकच कविता सुचवते. बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळी आहेत आणि त्यांच्यावर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं आहे. कुणाला त्या झाडात विरक्त संन्यासी दिसला, कुणाला मृत्यूची छाया, कुणाला कवीचं उदास मन. पहिल्या वाचनात हे सगळं विसरा आणि मोठ्यानं वाचा. दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन निळासावळा झरा बेटाबेटातून वाहतो आहे. पैल टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव. पुढे शेतमळ्यांची दाट हिरवी गर्दी. तिच्यातून अडवीतिडवी पडलेली पांढरी पायवाट, हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे चाललेली. मग पाणी झाकोळतं, लाटांवर ‘गोड काळिमा’ पसरतो, आणि अगदी शेवटी ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. संपली कविता. दुःख, शांती, मृत्यू, वैराग्य यांतला एकही शब्द तिच्यात नाही.

आता तुमची विज्ञानाची नजर लावा. उंबर पाण्याच्या कडेला खरोखरच वाढतो, त्याची मुळं पाण्यापर्यंत जातात, आणि त्याच्या दाट सावलीनं खालचं पाणी काळं दिसतं. म्हणजे बालकवींनी जे लिहिलं ते आधी निसर्गाशी प्रामाणिक आहे. त्यानंतर हालचाल पाहा. झरा वाहतो, पायवाट चालते, सगळं कुठेतरी निघालेलं आहे, आणि शेवटच्या ओळीत प्रथमच कुणीतरी बसलेलं दिसतं. रंग पाहा. हिरवा, निळा, पुन्हा हिरवा, मग पांढरा, परत हिरवा, मग काळा. ‘पाय’ हा शब्द पाहा. माणसांच्या पायांनी पडलेली पायवाट ज्या डोहाकडे जाते, तिथे झाड पाय पाण्यात टाकून बसलं आहे. हे लक्षात आलं तेव्हा कविता माझ्यासाठी एकदम खोल झाली, आणि तरीही त्याचा अमुकच अर्थ असं मी सांगू शकणार नाही.

एका वर्गात ही कविता शिकवत होते. औदुंबर कशाचं प्रतीक, हे फळ्यावर लिहूनही झालं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, असला म्हणजे कसला?’ मला उत्तर देता येईना. मी फळा पुसला आणि उरलेला तास आम्ही सगळे त्या एका शब्दावर बोललो. असा, वर सांगितला तसला? पण वर तर झाडाचं वर्णनच नाही, वर झरा आहे, गाव आहे, वाट आहे. मग ते सगळं मिळून ‘असला’ झालं आहे का? की कवी बोट दाखवून थांबतो आणि झाडाबद्दल आणखी काही सांगत नाही? त्या मुलीनं प्रतीकाचा अर्थ विचारला नव्हता. तिला एक साधा शब्द अडला होता, आणि त्या तासाला आम्ही सगळे ती कविता पहिल्यांदा वाचत होतो. तुमच्या किल्लीबद्दल वाचताना मला तीच आठवली.

याच कवितेवर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, की मनाला येईल तो अर्थ चालतो का. नाही चालत. कुणी म्हटलं की डोह म्हणजे मृत्यू, तर त्याला विचारायचं, मग काळिमा ‘गोड’ का आहे? दुसरा म्हणाला की ही निव्वळ शांतता आहे, तर त्याला विचारायचं, मग गोड हा ‘काळिमा’ का आहे? जो अर्थ ‘गोड’ आणि ‘काळिमा’ या दोघांनाही सांभाळून घेतो तो टिकतो. तसे अर्थ एकाहून जास्त असू शकतात. पण एकाच शब्दाला चिकटून दुसरा सोडून देणारा अर्थ कितीही सुंदर वाटला तरी तो कच्चा. औदुंबराशी दत्ताचं नातं असल्यामुळे तपस्वी दिसणं साहजिक आहे, तेही याच कसोटीवर घासून पाहा. बालकवी १९१८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेखाली सापडून गेले. हे ठाऊक असलं की काळ्या डोहात लोकांना तो अंत दिसायला लागतो. मला हे फार हळवं करतं, पण कविता लिहिणाऱ्याला आपला अंत ठाऊक नव्हता. त्याची गोष्ट कवितेची किल्ली म्हणून वापरू नये.

परंपरेनं ठरवलेले अर्थ मात्र माहीत असलेले बरे. जुन्या काव्यशास्त्रात त्यांना कविसमय म्हणत. यश पांढरं, हसू पांढरं, पाप काळं, चकोर चांदणं पितो, हंस दूध आणि पाणी वेगळं करतो. लेखक हे संकेत घेतो, कधी पाळतो, कधी मोडतो. हर्मन मेलव्हिल यांच्या १८५१ सालच्या ‘मोबी डिक’मध्ये पांढऱ्या देवमाशाच्या पांढरेपणावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि तिथे पांढरा रंग पवित्र वाटण्याऐवजी अंगावर काटा आणतो. यशाचं पांढरं, त्या माशाचं पांढरं आणि बालकवींच्या पायवाटेचं पांढरं, तिन्ही निराळी आहेत. ‘पांढरा म्हणजे शुद्धता’ हे पाठ केलेल्याला तिन्हींमधलं एकही दिसणार नाही.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार जुना आहे, आणि त्यातलं एक उदाहरण मला विशेष आवडतं. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, महाराष्ट्री प्राकृतात, एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते की आता खुशाल हिंड, तो कुत्रा मेला, गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहानं त्याला मारलं. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ही गाथा घेतली. शब्द म्हणतात, हिंड. सुचतं ते असं की इथे पाऊल टाकू नकोस, कारण कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंहाच्या झाडीत कशाला येईल? ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा आहे आणि हा तिथे फुलं तोडायला येतो, असं टीकाकार सांगतात. हे काही प्रतीक नव्हे, ही ध्वनीची, म्हणजे न सांगता सुचवलेल्या अर्थाची गोष्ट आहे. पण कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, हे विचारल्याशिवाय सुचणारा अर्थ हाती लागत नाही, एवढं यातून शिकण्यासारखं आहे. तो अर्थ हवेतून येत नाही, कुत्रा, सिंह आणि झाडी यांच्यातून येतो. मुलगी किल्ली कधी देते, घरात तेव्हा दुसरं कुणी असतं का, हे प्रश्न याच जातीचे आहेत.

वाचताना प्रत्येक वस्तूवर थांबू नका, वाचनाचा आनंदच जाईल. पुष्कळदा कथेतला कप म्हणजे कपच असतो आणि त्यानं तेवढंच असायचं असतं. थांबायचं कधी, तर लेखक एखाद्या गोष्टीकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहतो तेव्हा, ती पुन्हा पुन्हा येते तेव्हा, किंवा ती नेमकी शीर्षकात, वळणावर, शेवटच्या ओळीत बसलेली असते तेव्हा. मग मनात तिच्या जागी दुसरी वस्तू ठेवून बघा. घड्याळाऐवजी वडिलांचा चष्मा असता तर? चष्म्याला किल्ली देता येत नाही. म्हणजे या कथेला अशी वस्तू हवी होती, जिची रोज काळजी घ्यावी लागते. हे तुमचं तुम्हाला सापडतं, कुणाच्या पुस्तकात बघायला लागत नाही. मी स्वतः वाचताना पेन्सिलनं समासात फक्त क्रियापदं लिहिते: आणलं, ठेवलं, विसरला. अर्थ लिहीत नाही. तो नंतर येतो, कधी दोन दिवसांनी, कधी येतच नाही.

गटात जायचं सोडू नका. ते गृहस्थ वाईट हेतूनं बोलले नसावेत. त्यांनाही कुणीतरी दोन गुणांचा प्रश्न शिकवलेला असणार. पुढच्या वेळी कुणी ‘अमुक म्हणजे तमुक’ म्हणालं की शांतपणे एवढंच विचारा, ‘ते कुठल्या ओळीवरून वाटलं?’ भांडण म्हणून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा. ओळ सापडली तर सगळ्यांचा फायदा आहे. नाही सापडली तर सगळे पुन्हा पुस्तक उघडतील, तेही चांगलंच.

आणि ती घड्याळाची कथा पुन्हा काढा. किल्ली फिरवतानाचं वर्णन नीट वाचा. घड्याळाची स्प्रिंग तुटलेली असेल तर किल्ली नुसती फिरत राहते, हाताला ताण लागत नाही. स्प्रिंग शाबूत असेल आणि बिघाड दुसरीकडे असेल, तर पूर्ण किल्ली भरल्यावर ती पुढे फिरत नाही. मग रोज रात्री ती मुलगी किल्ली लावते आणि हाताला काय लागतं? लेखकानं ते लिहिलं आहे का, आवाजाबद्दल एखादा शब्द आहे का, की किल्ली दिली एवढंच सांगून तो दिवा मालवतो? मला लिहून कळवा, मी वाट बघते आहे.